कमानीवरच्या देवदूताचं रक्त

"मागे व्हा, मागे! वर देवदूत रडतोय आणि तुम्हाला ढकलाढकली सुचतेय?"

ब्रदर सेरापियो शिडीच्या तिसऱ्या पायरीवर उभा राहून ओरडत होता आणि खाली अख्खं तिबुआन गाव एकमेकांच्या पायांवर उभं होतं. चर्चमधली रविवारची मिस्सा संपून अर्धा तास झाला, तरी घरी कोणी गेलं नव्हतं. चर्चच्या आवाराची जुनी दगडी कमान, तिच्या उजव्या खांबावर कोरलेला गुबगुबीत गालांचा देवदूत, आणि त्या देवदूताच्या डोळ्यातून ओघळणारी लाल धार. धार गालावरून हनुवटीवर येत होती आणि तिथून खालच्या दगडी पपयांच्या घोसावर ठिबकत होती. बायका छाती पिटत होत्या. शेजारच्या गावांतून जीपा भरभरून येत होत्या. तळलेली केळी विकणाऱ्याने सकाळपासून कढईतलं तेल बदललं नव्हतं आणि कोणी तक्रारही केली नव्हती.

"हे रक्त कुणाचं?" ब्रदरने विचारलं.

"स्वर्गाचं!"

"कुणासाठी सांडतंय?"

"आमच्यासाठी!"

"मग रुमाल कुठायत तुमचे?"

झालं, दोनशे रुमाल वर. आमच्याकडे हे कुणाला शिकवावं लागत नाही. संताच्या पायावरून रुमाल फिरवायचा आणि मग आपल्या दुखऱ्या गुडघ्यावरून. आजी करते, आई करते, लेकही करते. ब्रदरने फक्त त्याला किंमत लावली. ज्याने रुमाल आणला नसेल त्याच्यासाठी टोपलीत घड्या घातलेले पवित्र रुमाल, पाच पेसोला एक.

देवदूताच्या डोळ्याभोवती बारीक माश्या घोंगावत होत्या. एका भोळ्या म्हातारीने त्या हाकलायला पदरासारखी ओढणी उडवली, तर ब्रदर केवढ्याने दचकला! "अगं बये, त्या माश्या नव्हेत! स्वर्ग आणि नरकाच्या मध्ये अडकलेले आत्मे आहेत ते! एका थेंबासाठी युगानुयुगं तहानलेत, आणि तू त्यांना हाकलतेस?" म्हातारीने घाबरून माश्यांची माफी मागितली. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं हे. एक बाई हात जोडून माशीची माफी मागत होती.

मी क्रिसान्तो, या गावचा लोहार. लोक मला सान्तो म्हणतात, पण संतपण माझ्यात काडीचंही नाही. माझी भट्टी कमानीच्या बरोबर समोर आहे. कमानीतलं लोखंडी फाटक, त्याच्या वेली, पानं, वरचे भाले, सगळं माझ्या आजाने घडवलं, माझ्या बापाने सांभाळलं आणि गेली पस्तीस वर्षं मी त्याला तेल घालतोय. त्या आठवड्यात मी तेलाचा डबा घेऊन गेलो तर ब्रदरने मला हाताने अडवलं. "देवदूताची जखम ताजी आहे. लोखंडाच्या माणसाने जवळ येऊ नये."

"बिजागरी कुरकुरतेय," मी म्हटलं.

"ती कुरकुर नाही. तो विलाप आहे."

माझ्या बायकोचं नाव मिलाग्रोस, म्हणजे चमत्कार. घरात एक चमत्कार असताना मला दुसऱ्याची गरज वाटत नाही, असं मी तिला म्हणालो तर ती दोन दिवस बोलली नाही. तिने टोपलीतला रुमाल विकत घेतला, देवदूताच्या गालावरून फिरवला, त्यावर लाल डाग उठला आणि त्या दिवसापासून तो रुमाल तिच्या खांद्यावर आला. झोपतानाही उशाशी.

म्हातारा पाद्री महिनाभर शहरात इस्पितळात होता. रविवारी शेजारच्या गावचा पाद्री येई, मिस्सा उरके आणि पुढच्या गावाला पळे. ही फट ब्रदरने बरोबर हेरली. कुठून आला, कुणाचा ब्रदर, कुणी विचारलं नाही. पांढरा लांब झगा, गळ्यात मुठीएवढा क्रूस, आणि रोज सकाळी फुलांची परडी घेऊन शिडीवर चढायचं, देवदूताच्या डोक्यामागे मोगऱ्याचा ताजा हार ठेवायचा. सगळ्यांच्या देखत. लोक खालून गुडघे टेकून बघत. मग तासाभराने डोळा भरून यायचा.

लाल डाग उठला तर आशीर्वाद. पण काही रुमाल काळे पडू लागले. आधी किराणा दुकानदारीण इमेल्दाचा. तिला सगळे दोन्या म्हणतात, म्हणजे बाईसाहेब. तिने टोपलीतला रुमाल गालावरून फिरवला, आणि डाग तिच्या डोळ्यांदेखत शाईसारखा काळा झाला. ब्रदरने मान हलवली. "घरात विष आहे, दोन्या. घाबरू नका. नऊ दिवसांची प्रार्थना, एक डुक्कर आणि काही मेणबत्त्या." मग खोबऱ्याच्या व्यापाऱ्याचा काळा पडला. मग ज्याच्या दोन होड्या आहेत त्याचा. माझ्या लक्षात आलं की आमच्या गावात पाप फक्त पत्र्याच्या छपराखाली राहतं. झावळ्यांच्या झोपडीत ते शिरतच नाही.

मी हसलो. भट्टीवर बसून चार जणांना हा विनोद सांगितला आणि हसलो. त्या हसण्याची मला आज लाज वाटते. माणसं लुबाडली जात होती आणि मी गंमत बघत होतो, कारण लुबाडली जाणारी माणसं पैसेवाली होती. आणि आणखी एक कारण होतं. ते पुढे सांगतो. तेही लाजेचंच आहे.

आमच्या किनाऱ्यावर रोसेन्दो नावाचा मासेमार आहे. तिशीचा, अंगाने दांडगा, मनाने लोणी. त्याचं आठ महिन्यांचं पहिलं पोर जुलाबांनी आजारी पडलं. आरोग्य केंद्र जीपने अर्ध्या तासावर. तिथे मीठ-साखरेच्या पुड्या फुकट मिळतात, त्या उकळून गार केलेल्या पाण्यात घालून पाजायच्या, पोर उठून बसतं. पण रोसेन्दोच्या सासूने सांगितलं की केंद्रातल्या पुड्यांपेक्षा देवदूताचं पाणी मोठं. ब्रदरने बाटलीत भरून दिलं. तीन दिवस त्यांनी ते लाल पाणी चमच्याने त्या जिवाला पाजलं आणि चौथ्या दिवशी सकाळी ते गेलं.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे पोर जिवंत असताना, मानांग पासिंग त्यांच्या दारात थांबली होती. पासिंग साठीची विधवा. सगळं गाव तिला मानांग म्हणतं, म्हणजे मोठी बहीण. बाजारात केळफुलं विकते, चाळीस वर्षं तेच करते. तिने पोराकडे बघितलं आणि रोसेन्दोच्या बायकोला म्हणाली, "अगं, डोळे खोल गेलेत त्याचे. रडतंय पण पाणी येत नाही डोळ्याला. आत्ताच्या आत्ता केंद्रात ने त्याला."

पोर गेल्यावर घरच्यांना तिचं सांगणं आठवलं नाही. तिने बघितलं होतं, एवढंच आठवलं.

पोराला पुरून आल्यावर ब्रदर शिडीवर चढला. आता खरं तर त्याने तोंड लपवायला हवं होतं. त्याचं पाणी पिऊन पोर मेलं होतं. पण अशा माणसांची हुशारी तिथेच असते. "माझं औषध हरलं नाही," तो हुंदका देत म्हणाला. "कुणीतरी ते मधल्यामध्ये पिऊन टाकलं. तुमच्यातल्याच एका बाईची नजर त्या बाळावर पडली होती. कोण ते देवदूत सांगेल. उद्या प्रत्येक बाईने यायचं, आपापला रुमाल घेऊन. माझ्या टोपलीतला नको. म्हणजे उद्या कोणी माझ्या नावाने बोटं मोडायला नको!"

दुसऱ्या दिवशी बाजाराचा वार होता. बायका रांगेने आल्या. लाल. लाल. लाल. ब्रदर प्रत्येकीला क्रूस करून पुढे ढकलत होता. मला वाटतं, त्याचा बेत असा होता की शेवटी सगळ्याच लाल निघणार आणि तो म्हणणार की दोषी बाई आलीच नाही, अजून नऊ दिवसांची प्रार्थना करा. पासिंग बाजारातून तशीच आली होती, डोक्यावर टोपली. ती उतरवून तिने कमरेचा रुमाल काढला, चोळामोळा झालेला, आणि देवदूताच्या गालाला लावला.

रुमाल काळा पडला.

मी ब्रदरच्या तोंडाकडे बघत होतो. डोळ्याचं पातं लवेपर्यंत तो पासिंगपेक्षा जास्त घाबरलेला दिसला. मग सावरला आणि हात उंच करून किंचाळला, "सापडली!"

"आस्वांग!" गर्दीतून आवाज आला. मग सगळीकडून. आस्वांग म्हणजे दिवसा बाई, रात्री पंख फुटून छपरावर बसणारी, लांब जिभेने तान्ह्यांचं रक्त शोषणारी. लहानपणी आम्हाला झोपवायला ही गोष्ट सांगत. त्या दिवशी ती साठ वर्षांच्या बाईला दगड मारायला कामी आली. आस्वांग मिठाला भिते म्हणून तिच्या अंगावर मीठ फेकलं. केळफुलं पायदळी तुडवली. रोसेन्दो पुढे आला, त्याचे डोळे सुजलेले होते. "रविवारची मिस्सा संपेपर्यंत गाव सोड. नाहीतर घर पेटवीन. तू आत असलीस तरी पेटवीन."

आमचा कापितान, म्हणजे गावचा मुख्य, शेजारी उभा होता. मी त्याला म्हटलं, "अरे, बोल काहीतरी!"

"मी काय बोलू, सान्तो? देवदूताचं मत पडलंय."

या माणसाला आम्ही मतं देऊन निवडून दिलं होतं. देवदूताचं मत कोणत्या पेटीत पडलं हे त्याने बघितलं नाही.

दुपारी मी पासिंगच्या झोपडीवर गेलो. भिंतीच्या बांबूच्या पट्ट्या दगडांनी मोडल्या होत्या. ती चुलीची राख आणि लिंबू घेऊन हात घासत बसली होती, कातडं सोलवटेपर्यंत. मी येऊन बसलो तरी थांबली नाही.

"तू तुझ्या लहानपणापासून मला ओळखतोस," ती म्हणाली. "खरं सांग. मला रात्री पंख फुटतात आणि सकाळी मलाच आठवत नाही, असं असेल का रे?"

ज्या बाईने अर्ध्या गावाच्या बाळंतिणींना केळफुलाचं कालवण करून घातलं, तिला आता स्वतःच्याच पाठीवर पंख असल्याचा संशय येत होता. दगडांच्या जखमा भरतात. पण माणसाच्या स्वतःच्या मनात असं काही पेरणाऱ्याला काय शिक्षा द्यावी, सांगा. "मूर्खासारखं बोलू नकोस, मानांग," एवढंच मी म्हटलं आणि उठलो.

घरी आलो तर मिलाग्रोस अंगणात बसून केळफूल सोलत होती. आमच्याच झाडाचं. मी तिच्यावरच तोफ डागली. "तुझ्या त्या झग्यावाल्याने एका बाईचा जीव घ्यायचं ठरवलंय!"

"मला का ओरडतोस? पासिंगचा मलाही पुळका आहे. पण रुमाल तिचा होता ना? स्वतःचा? मग?" तिने कोयतीने केळफूल उभं चिरलं. "माझा लाल आला. सगळ्यांचे लाल आले. तिचाच काळा का यावा?"

टोपलीतल्या रुमालांत काहीतरी काळंबेरं आहे हे मला कळत होतं. पण पासिंगचा रुमाल टोपलीतला नव्हता. मी दात खात बसलो. मिलाग्रोसने कपाळावरचा घाम पुसायला खांद्यावरचा रुमाल ओढला, तोच तो, आशीर्वादाचा. पुसला, खाली घेतला आणि माझ्यापुढे धरला.

लाल डागावर तिची चार बोटं उमटली होती. काळी कुळकुळीत.

"सान्तो," ती कुजबुजली, "मी पण?"

मी तिच्या हातांकडे बघितलं. केळफुलाचा चीक. मग कोयतीकडे बघितलं, तिचं पातं जिथे चीक लागला तिथे काळं झालं होतं, रोज होतं तसं. कोणत्या घरातलं पातं होत नाही? केळफूल चिरलं, कच्चं केळं सोललं की लोखंड काळं पडतं, बोटं काळी पडतात, दोन दिवस निघत नाहीत. तुरट चीक आणि लोखंड एकत्र आलं की काळं होणार. माझ्या भट्टीत मी हे जन्मभर बघतोय, आणि रुमालावरचा तो लाल डागही लोखंडाच्या गंजाचाच होता. आणि चाळीस वर्षं केळफुलं सोलणाऱ्या बाईच्या रुमालात चीक नसेल तर काय अत्तर असेल?

"तू आस्वांग नाहीस," मी म्हटलं. "स्वयंपाक करतेयस."

ती आधी रडली. मग तिने रुमाल नाकाशी नेला, कोरडं टोक हुंगलं आणि तिचा चेहरा बदलला. "हा वास मला ठाऊक आहे! पेरूच्या पानांचा काढा. आपल्या रीतीप्रमाणे तिन्ही मुलग्यांची सुंता झाली तेव्हा त्यांच्या जखमा मी याच पाण्याने धुतल्यात, मला फसवतो का हा? पण माझा तर लाल आला होता."

"तो काढाही केळफुलासारखाच तुरट. तुझा पातळ काढ्यात बुडवलेला असेल, किंवा टोपलीतल्या शेजारच्या रुमालाचा नुसता वास लागला. दोन्या इमेल्दाला दिलेला दाट काढ्यातला. कोणता कुणाला द्यायचा ते त्याला माहीत. तुझ्याकडे डुक्कर कुठाय?"

मिलाग्रोस उभी राहिली. माझी बायको रागावली की मी सहसा बाहेर जातो, पण त्या दिवशी मला ती फार आवडली. "म्हणजे पासिंगला उगाच दगड मारले," ती म्हणाली. "आणि मी त्या रांगेत उभी होते. पण सान्तो, मुळात ते लाल पाणी येतं कुठून?"

आता मला बोलावंच लागलं.

माझ्या चोविसाव्या वर्षी मोठं वादळ झालं. होड्या गेल्या, जाळी गेली. नवीन जाळी विणता येत होती, पण तळाला बांधायला शिसं कुठेच नव्हतं आणि शिशाशिवाय जाळं बुडत नाही. मला मात्र शिसं कुठे आहे ते माहीत होतं. जुने लोक दगडात लोखंडाची खुंटी बसवताना भोक मोठं पाडत आणि सभोवती वितळलेलं शिसं ओतत. शिसं पाणी आत शिरू देत नाही, लोखंड गंजत नाही. फाटकाच्या बिजागऱ्या ज्या खुंट्यांवर लटकतात, त्या सगळ्या शिशात बसवलेल्या. वादळानंतर फाटक दुरुस्त करायचं काम माझ्याकडे आलं आणि मी उजव्या खांबाच्या माथ्यावरचं शिसं छिन्नीने काढलं. भोकात चुना कोंबला. शिशाच्या गोळ्या ओतून विकल्या. चुना दोन पावसाळ्यांत धुपला, आत खारं वारं शिरलं, खुंटी गंजली, गंजून फुगली आणि पोवळ्याच्या दगडाला थेट देवदूताच्या डोळ्यापर्यंत भेग गेली. मी हे पंचवीस वर्षं बघत होतो आणि शिडी लावायचं टाळत होतो. भेग मी पाडली होती. ब्रदरने फक्त ती शोधून काढली.

मिलाग्रोसने सगळं ऐकून घेतलं. "रविवारी सांग."

"लोक काय म्हणतील मला?"

"पासिंगला काय म्हणतात ते ऐकलंस ना? त्याहून वाईट नाही म्हणणार."

रविवारी मिस्सा संपली. ब्रदर सकाळी हार घालून उतरला होता, डोळा भरून आला होता, माश्या जमल्या होत्या. रोसेन्दो रॉकेलचा डबा घेऊन कमानीशी उभा होता. त्याच्यामागे वीस-पंचवीस पुरुष. तेवढ्यात मिलाग्रोस आली, एका हाताने पासिंगला घट्ट धरून, दुसऱ्या हातात केळफुलांची टोपली. गर्दी दोन पावलं मागे सरली. मी त्या मोकळ्या जागेतून गेलो आणि शिडीवर चढलो.

"खाली उतर!" ब्रदर गरजला. "लोखंड बडवणाऱ्या हातांनी देवदूताला शिवलास तर हात झडतील!"

"झडू देत. भट्टी बंद करायला निमित्तच हवंय मला."

मी मोगऱ्याचा हार उचलून खाली टाकला. त्याखाली भोक, माझंच, आणि भोकात ओल्या कापसाचा बोळा. तो पिळला तर लाल पाणी मनगटावरून ओघळलं. मी जीभ लावली. "शिरका आहे! आपल्या माडीचा शिरका! कोणी चाखायचाय?" मी बोळा खाली फेकला तो माडावर चढून माडी काढणाऱ्या एका बाप्याच्या पायाशी पडला. त्याने हुंगला आणि मान डोलावली. देवदूताच्या डोळ्याभोवतीच्या माश्या त्या बोळ्यामागे गेल्या.

"बघा, चालले तुमचे आत्मे!" मी ओरडलो. "माडीच्या प्रत्येक मडक्यावर बसतात या माश्या. स्वर्गात जायला निघालेला आत्मा शिरक्यासाठी थांबतो होय?"

कोणीतरी हसलं. तोवर मिलाग्रोसने ब्रदरची परडी जमिनीवर उलटी केली होती. फुलं, आणि फुलांखाली बाटली. बाटलीत लाल पाणी आणि तळाशी मूठभर गंजके खिळे. शिरक्यात आठ दिवस गंजके खिळे ठेवा, तुमच्या घरीही देवदूताचं रक्त तयार होईल. हार घालायच्या निमित्ताने हा माणूस ते भोकात ओतत होता. कापसातून, भेगेतून झिरपत ते तासाभराने डोळ्यात येत होतं. आणि शिरका पोवळ्याचा दगडही खात होता, म्हणून डोळ्याच्या कोपऱ्यात फेस दिसायचा. त्याला तो 'कारुण्य' म्हणत असे.

ब्रदर बधला नाही. "ही बाटली याच्या बायकोने घातली! आणि ते भोक? बोला ना! दगडात भोक माणूस पाडतो का? ती देवदूताची जखम आहे!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"भोक मी पाडलं," मी म्हटलं. "वादळाच्या साली. शिसं चोरलं त्यातलं."

मागून एक आवाज आला, "चर्चमध्ये चोरी?"

"हो, चोरी. आणि विकत कुणी घेतलं? तुझ्या बापाने. तुझ्या मामाने. कुणी विचारलं नाही मला की सगळ्या बेटावर शिसं नसताना सान्तोकडे कुठून आलं. मला शिक्षा करायचीय ती करा. पण हे रक्त देवदूताचं नाही. माझ्या चोरीचा गंज आहे तो, आणि या लबाडाचा शिरका."

पासिंगने आत्तापर्यंत मान वर केली नव्हती. आता तिने टोपली परवा रांगेत असलेल्या बायकांपुढे सरकवली. "चिरा," ती म्हणाली. "एकेक घ्या आणि चिरा."

मिलाग्रोसने पहिलं चिरलं. चिकाची बोटं आपल्या रुमालाला पुसली आणि रुमाल बाटलीतल्या पाण्याने भिजवला. काळा. मग रोसेन्दोची सासू पुढे आली, कुणी बोलावलं नसताना. तिचाही काळा. मग दुसरी, तिसरी. बघता बघता अकरा बायका हातात काळे रुमाल घेऊन उभ्या होत्या आणि त्यांचे नवरे त्यांच्याकडे बघत होते.

"आता पेटवा," पासिंग म्हणाली. "कुणाचं घर आधी पेटवायचं ते ठरवा."

ब्रदर तोवर जीपच्या दिशेने निघाला होता, पण दोन्या इमेल्दाने त्याचा झगा मागून पकडला. "माझं डुक्कर!" ती ओरडत होती. "नऊ दिवस गुडघे सोलले रे माझे, मेल्या, आणि वर डुक्कर!" झगा फाटला. लोकांनी त्याला धरून पोलिसांकडे नेलं. मारायलाही धावले काही जण. मी आडवा आलो. ज्या हातांनी परवा पासिंगला दगड मारले तेच हात आज त्याच्यावर उगारले होते.

रोसेन्दो मात्र जागचा हलला नव्हता. डबा त्याच्या हातातच होता. गर्दी पांगू लागल्यावर तो माझ्याजवळ आला. "सान्तोदादा," तो म्हणाला, "मग मी माझ्या पोराला काय पाजलं?"

खोटं सांगावं असं फार वाटलं. पण त्या आठवड्यात खोटं पुष्कळ झालं होतं.

"गंज आणि शिरका," मी म्हटलं. "त्याच्या अंगातलं पाणी संपत होतं, रोसेन्दो. त्याला साधं उकळलेलं पाणी आणि मीठ-साखर हवी होती. तीन दिवस होते तुमच्याकडे."

तो पासिंगकडे वळला. तिच्या पायाशी डबा ठेवला आणि खाली बसला. सगळ्यांना वाटलं की ती आता त्याच्या डोक्यावरून हात फिरवेल. आपल्याला अशा गोष्टींचा शेवट तसा लागतो.

"मी तुझ्या दारात आले होते," ती म्हणाली. "सांगायला आले होते." आणि टोपली उचलून घरी गेली. दोन वर्षं झाली या गोष्टीला. ती बाजारात बसते, रोसेन्दोच्या बायकोला केळफूल विकते, पण त्या घराच्या दारासमोरून जात नाही. मी तिला त्याबद्दल कधी काही म्हटलं नाही आणि म्हणणारही नाही.

गंजकी खुंटी मी काढली, नवी घडवली आणि या वेळी शिसं ओतलं. देवदूताचा डोळा कोरडा आहे. तरी अजून जीपा थांबतात आणि लोक मला विचारतात की रडणारा देवदूत कुठाय. मी सगळं सांगतो. ते ऐकतात, माना डोलावतात आणि जाताना हळूच देवदूताच्या गालावरून रुमाल फिरवतात. मला संताप येतो. श्रद्धा ठेवू नका असं मी कुणाला म्हणत नाही, मी स्वतः रविवारी मिस्सेला जातो. पण दगडातून पाणी आलं तर शिडी लावून वर बघा. औषध दिलं तर त्यात काय आहे ते विचारा. पोर आजारी पडलं तर डॉक्टरकडे न्या, आणि जो म्हणेल की आधी माझं पाणी पाजा, त्याला स्वतःला ते प्यायला लावा. आणि कुणी एखाद्या बाईचा काळा रुमाल तुमच्यापुढे नाचवला, तर दगड उचलायच्या आधी त्या बाईला एवढं विचारा, की बाई, तू सकाळपासून काय काम करत होतीस?